निविदा यंत्र लिहील, वचन कोण पाळील?

(तरुण उद्योजकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



शासकीय क्लाऊड सेवांची कंत्राटे मिळविण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा उपयोग, असा आजचा विषय आहे. नाव बोजड असले तरी त्याच्या मुळाशी दोनच प्रश्न आहेत. आपला सातबारा, आपली शिधापत्रिका, सरकारी रुग्णालयातील आपल्या नोंदी कोणाच्या यंत्रावर राहाव्यात? आणि त्या सांभाळण्याचे काम मिळविण्याच्या स्पर्धेत सांगली-नाशिकच्या होतकरू तरुणाला उभे राहता येईल काय?

क्लाऊड हा शब्द ऐकून आकाशाकडे पाहण्याचे कारण नाही. कोठेतरी भक्कम इमारतीत हजारो संगणक अहोरात्र चालू असतात. त्यांची साठवणक्षमता आणि गणनशक्ती आपण विजेसारखी वापरतो आणि वापराइतके पैसे मोजतो. केंद्र शासनाने ‘मेघराज’ या नावाने हा उपक्रम हाती घेतला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय क्लाऊडचा प्रारंभ झाला. पुढे खासगी सेवादात्यांनाही परीक्षणानंतर सूचीत स्थान मिळू लागले. शासकीय माहिती भारताच्या हद्दीतच राहिली पाहिजे, ही त्यातील मुख्य अट. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये स्वतःचे क्लाऊड धोरण जाहीर केले.

इमारत आणि संगणक उभे करणे हे मोठ्या भांडवलाचे काम आहे, हे मान्य. परंतु जुन्या यंत्रणेतील माहिती क्लाऊडवर सुखरूप हलविणे, तिची प्रत राखणे, तिच्यावर पहारा ठेवणे, रात्री दोन वाजता यंत्रणा कोलमडली तर ती उभी करणे, ही कामे दहा-वीस जाणत्या तरुणांचा चमूही उत्तम करू शकतो. धोरणही त्यांच्या बाजूचे आहे. २०१२ च्या आदेशानुसार केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. या उद्योगांना बयाणा रकमेतून सूट आहे. २०१७ च्या आदेशाने देशी उत्पादकाला व सेवादात्याला प्राधान्य दिले. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या शासकीय खरेदी पोर्टलवरील उलाढाल २०२४-२५ या एका वर्षात पाच लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली. दार उघडे आहे. मग आपला तरुण उंबरठ्यावरच का अडतो?

तो अडतो कागदावर. निविदेचा मसुदा दीडशे-दोनशे पानांचा, भाषा इंग्रजी, तीही वकिली वळणाची. एक अट पान चाळीसवर, तिचा अपवाद परिशिष्टात, आणि दोन्ही बदलणारे शुद्धिपत्रक अखेरच्या आठवड्यात! बड्या कंपन्यांकडे एवढ्याच कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. लहान उद्योजक दिवसभर काम करून रात्री हे वाचतो. एखादे प्रमाणपत्र जोडावयाचे राहते आणि त्याचा तांत्रिक लिफाफा बाद होतो. वित्तीय लिफाफा उघडण्याची वेळच येत नाही. तो गुणवत्तेत हरलेला नसतो, वाचनात हरलेला असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे खरे साहाय्य येथे होते. संपूर्ण मसुदा यंत्राला द्यावा आणि प्रत्येक अट, तिचा पानक्रमांक, आपल्याकडील पुरावा आणि उणीव असा तक्ता करून घ्यावा. मूळ मसुदा व शुद्धिपत्रक शेजारी ठेवून नेमके काय बदलले ते विचारावे. ज्या दोन अटी परस्परविरोधी दिसतात, त्यांवर निविदापूर्व बैठकीत विचारावयाचे प्रश्न तयार करावेत. कठीण कलमाचा अर्थ मराठीत समजून घ्यावा आणि मग मूळ कलम पुन्हा वाचावे. आठ दिवसांचे काम दोन दिवसांत होते आणि उरलेले सहा दिवस खऱ्या कामाच्या आखणीला मिळतात. एवढ्यापुरते हे साधन लहानाला मोठ्याच्या बरोबरीने बसविते. त्याकडे पाठ फिरविण्यात शहाणपण नाही.

परंतु बंधूंनो, येथून पुढे वाट निसरडी आहे. हे यंत्र वाचते तसे लिहितेही, आणि लिहिताना त्याला खऱ्याखोट्याची चाड नसते. विचारलेले ठाऊक नसेल तर ते शोभेल असे काहीतरी रचून देते. ऑस्ट्रेलियात डेलॉइट या जगप्रसिद्ध सल्लागार कंपनीने शासनाला सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा अहवाल दिला. त्यात अस्तित्वात नसलेले संदर्भ आणि न्यायालयाच्या निकालातील म्हणून दिलेले बनावट अवतरण निघाले. अहवालासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरल्याचे मान्य करून कंपनीला २०२५ मध्ये मोबदल्याचा काही भाग परत करावा लागला. आपल्याकडे त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने आयकर विभागाचा एक निर्धारण आदेश रद्द केला, कारण आधार म्हणून दिलेले न्यायनिवाडे मुळात नव्हतेच. यंत्राने पुढे केलेले तपासल्यावाचून वापरू नये, अशी समज न्यायालयाने दिली.

आता निविदेचा विचार करा. ‘आमची यंत्रणा चार तासांत पूर्ववत होईल’ असे यंत्र अत्यंत सफाईने लिहील. ती चार तासांत उभी करणारी माणसे आपल्याकडे आहेत काय, हे त्याला ठाऊक नाही. मूल्यांकन समितीला वाक्य आवडेल, कंत्राटही मिळेल. परंतु ज्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या नोंदी उघडणार नाहीत, त्या दिवशी रांगेतील रुग्णाला त्या सुंदर वाक्याचा काय उपयोग? निविदा हे निबंधलेखन नव्हे. ते शासनाला आणि पर्यायाने समाजाला दिलेले वचन आहे. खोट्या वचनाचा दंड म्हणजे अनामत जप्त होणे किंवा काळ्या यादीत जाणे एवढाच नाही. एका लहान उद्योगाने शब्द मोडला की त्याच्यामागून येणाऱ्या दहा प्रामाणिक उद्योगांवरील विश्वास उडतो.

दुसरा धोका गोपनीयतेचा. आपले दर, आपली आखणी, क्वचित शासकीय जाळ्याचा तपशीलही आपण एखाद्या फुकट मिळणाऱ्या परदेशी साधनात सहज ओततो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरू नयेत अशी सूचना दिली. शासनाला जी काळजी वाटते ती शासनाचे काम मागणाऱ्याला वाटू नये काय? जाहीर झालेला मसुदा यंत्राला खुशाल वाचावयास द्या; आपला वित्तीय लिफाफा मात्र देऊ नका.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी सावध केले होते. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या व्यापारामागे यांच्या राजांचे बळ आहे, असा त्याचा आशय. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या सेवा थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. कारखाना भारतात, ग्राहक भारतीय, आणि कळ परक्याच्या हाती! अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानुसार तेथील कंपन्यांकडून त्यांच्या ताब्यातील माहिती, ती कोणत्याही देशात साठविलेली असो, मागविता येते. म्हणून केवळ माहिती भारतात आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. परदेशी क्लाऊडवर भारतीय पाटी लावून देशी प्राधान्याचा लाभ घेणाऱ्याने स्वदेशी या शब्दाशी प्रतारणा केलेली असते, मग त्याच्या निविदेत तो शब्द कितीही वेळा येवो.

यश अशक्य नाही. तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात बसून काम करणाऱ्या झोहो या भारतीय कंपनीने २०२३ मध्ये निविदा प्रक्रियेतून केंद्र शासनाच्या ईमेल सेवेचे काम मिळविले. सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल त्या व्यवस्थेवर आले. यामागे उत्पादन घडविण्याची दोन दशकांहून अधिक काळाची तपश्चर्या होती.

म्हणून येथील तरुण उद्योजकांना माझे सांगणे एवढेच आहे. निविदा पाठविण्याच्या आदल्या दिवशी यंत्र बंद करावे, सगळे सहकारी एकत्र बसावेत आणि निविदा मोठ्याने वाचावी. प्रत्येक आश्वासनापुढे ते पाळणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावे. ज्या ओळीपुढे नाव लिहिता येणार नाही ती ओळ, ती लिहून कितीही गुण मिळणार असले तरी, खोडून टाकावी. त्यापायी एखादे कंत्राट हातचे जाईलही. जे मिळेल ते मात्र पुढच्या वर्षी पुन्हा आपल्यालाच मिळेल, कारण तोवर त्या कार्यालयातील लिपिकापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना ठाऊक झालेले असेल की ही माणसे लिहितात तेवढे करतात.