धडा पाठ करण्याआधी करून पाहावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. साहित्य कसे शिकवावे हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण गेली दोन वर्षे दर शनिवारी आपल्या मंडळाच्या खोलीत आठवी-नववीच्या मुलांचा वर्ग भरतो आणि तेथे सतरंज्या घालण्याचे काम माझ्याकडे आहे. कोपऱ्यात बसून जे ऐकले, तेच चार शब्दांत सांगते.

यंदा बाईंनी देवलांचे 'शारदा' घेतले. नाटक १८९९ सालचे. पैशाच्या लोभाने बाप कोवळी मुलगी श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो, ही त्याची कथा. मुलांना ती फार जुनी वाटली. बापाचे स्वभाववर्णन विचारले, तर सगळ्यांचे एकच उत्तर, "तो लोभी होता."

बाईंनी एक प्रवेश वाचून दाखवला आणि पुस्तके मिटायला लावली. एका मुलाला कांचनभट केले, एका मुलीला त्याची बायको इंदिरा. "लग्न ठरवून नवरा घरी आला आहे. आता आपल्या मनाने बोला," एवढेच सांगितले.

मुलगा आधी नुसता ओरडला, मुले हसली. पण बायको प्रश्न विचारू लागली, तसा तो कारणे देऊ लागला. घरची ओढाताण, मुलीला मिळणारे दागिने, तिचे सुख! खाली बसल्यावर तो म्हणाला, "बाई, लोभी माणूस स्वतःला लोभी म्हणतच नाही." भगिनींनो, असे उत्तर कोणत्या मार्गदर्शकात मिळेल?

इंदिरा झालेली मुलगी एरवी तोंडातून शब्द काढत नाही. ती त्या दिवशी म्हणाली, "तुम्ही ठरवलंत, मला सांगितलंत. पण तिला विचारलंत का?" खोली एकदम गप्प झाली. तिच्या आईच्या परवानगीने सांगते, त्यांच्या घरी दहावीनंतर तिचे लग्न उरकण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. १९२९ च्या कायद्याने मुलीचे वय चौदा ठरले, पुढे १९७८ साली अठरा झाले. कायदा होता, पण घरात कोणी मुलीला विचारले नव्हते. त्या रात्री आईने विचारले. आता बारावीपर्यंत तो विषय बंद आहे.

मग बाईंनी पुस्तके पुन्हा उघडली. देवलांनी तेथे काय लिहिले आहे, ते मुले आता अधाशासारखी वाचू लागली. स्वतः बोलून झाल्यावरच लेखकाचे बोलणे किती नेमके आहे ते कळते.

ही पद्धत परकी नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपली भाषणे बरीचशी आयत्या वेळी रचून बोलत. तमाशाच्या वगातही हीच रीत. आपल्या भोंडल्यात आणि मंगळागौरीच्या खेळांत आपण तरी दुसरे काय करतो?

सगळेच धडे असे होत नाहीत. व्याकरण घोकावेच लागते. लाजऱ्या मुलाला पुढे ढकलायचे नाही. त्याला त्या पात्राच्या नावाने पत्र लिहू द्यावे. आणि एका प्रवेशाला तीन-चार मिनिटे पुरे, नाही तर नुसता गोंधळ होतो.

आता मुद्द्याचे. शनिवारी ही खोली साड्यांच्या विक्रीला भाड्याने द्यावी, असा ठराव पुढच्या सभेत येणार आहे. मंडळाला पैसा हवा, हे मला मान्य आहे. हिशेबाची वही मीही पाहते. पण विक्री रविवारीही होईल. शाळेच्या मुलांना मात्र शनिवारची दुपारच मोकळी असते. खोली तेवढे दोन तास मुलांसाठी ठेवावी, अशी माझी विनंती आहे. मत देण्यापूर्वी प्रत्येकीने एका शनिवारी येऊन बसावे. सतरंजी मी घालीन.