डोक्याच्या आत काय झाले?



आज मी तुम्हांला माझ्या घरची गोष्ट सांगतो.

माझ्या थोरल्या बंधूंना रक्तदाबाचा विकार. बरे वाटते म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. एके दिवशी ओट्यावर बसले असता त्यांना एकाएकी भोवळ आली. उलटी झाली. एकाचे दोन दिसू लागले. जीभ जड पडली. शेजारी जमले. कोणी म्हणाले, "वारं गेलं. देवऋषी बोलवा." कोणी म्हणाले, "रक्त पातळ करायची गोळी द्या." मी शिकलेला माणूस, पण मीही गोळीच शोधू लागलो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, गोळी राहू द्या. आधी गाडी बोलवा."

त्यांचेच खरे होते. का ते ऐका.

वांग्याला देठ असतो ना? तसा मेंदूलाही खाली, मानेच्या वर, एक देठ असतो. त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. श्वास, गिळणे, डोळे फिरवणे, शुद्ध राहणे, हे सारे त्याच्या हाती. तिथे गुठळीने रक्ताची वाट बुजते, नाहीतर रक्तवाहिनी फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. उपाय मात्र उलटे! गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तवाहिनी फुटली असताना तेच दिले, तर रक्त आणखी वाहते.

मग आतले कळावे कसे? त्यासाठी सीटी स्कॅन यंत्र आहे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये प्रथम रोग्याचा मेंदू पाहिला. कांद्याच्या चकत्या पाहाव्या तशा मेंदूच्या चकत्या चित्रात दिसतात. सुरी लागत नाही, दुखत नाही. काही मिनिटांत काम होते. ताजे रक्त पांढरे दिसते. देठाभोवती हाड जाड असते, त्यामुळे कधी चित्र धूसर येते. मग एमआरआय या चुंबकाच्या यंत्रावर पाहतात.

बंधूंच्या चित्रात त्या देठातच हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका होता. डॉक्टरांनी रक्तदाब उतरवला. बंधू वाचले. आज काठी टेकत चालतात. माझ्या हातून ती गोळी दिली गेली असती तर? अजून अंगावर काटा येतो.

म्हणून सांगतो. असे झाले तर रोग्याच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका. त्याला कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा. स्कॅनचे यंत्र असेल त्याच दवाखान्यात न्या. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने सोडू नका.

आणि त्रास किती वाजता सुरू झाला, ते कागदावर लिहून डॉक्टरांना द्या. आता तुम्हांला लिहिता येते. तेवढ्या एका ओळीनेही जीव वाचू शकतो.