संख्या त्यांच्याकडे, नाव आपल्याकडे

घरातल्या शिपायांचे कागद शोधत माळ्यावरच्या ट्रंका उघडून इथवर आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने आधी आपल्या घरची फजिती सांगावी. आजी सांगायची, ‘तुझो आजो काळ्या पाचवीत होतो.’ आम्ही समजायचो, आजोबा पाचवीपर्यंत शिकले. ‘काली पाँचवी’ हे मराठा रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचं टोपणनाव आहे, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली. पहिल्या महायुद्धात याच पलटणीचा आकडा १०५ होता. १९२२ च्या फेररचनेत ती ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन झाली. हे ठाऊक नसलेला माणूस एका आजोबाचे तीन आजोबा करून बसतो. आम्ही दोन केले होते.

जिल्ह्याचंही तेच. सिंधुदुर्ग जन्मला १ मे १९८१ ला. त्याआधीच्या कागदांत मालवणचा शिपाई ‘रत्नागिरी’खाली सापडेल, सावंतवाडीकडचा ‘सावंतवाडी संस्थान’ म्हणून. गावाचं नाव कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं रोमन लिपीत पडलेलं. म्हणून शोधताना अक्षरांवर विसंबू नका. नाव मोठ्याने उच्चारून बघा.

आता बसऱ्याच्या युद्धस्मारकाबद्दल. १०३, ११० आणि ११७ मराठा या पलटणी डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि पुढची कैद वेढ्याहून जीवघेणी ठरली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात पडलेल्या, पण थडगं न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्याच्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. संख्या त्यांच्याकडे राहिली, नाव आपल्या ट्रंकेत. ती दोन्ही जुळवणं हे आपलं काम, आणि त्यासाठी अभिमान नव्हे, सूची लागते.

सूची म्हणजे काय? एक वही. प्रत्येक कागदाला, प्रत्येक पदकाला एक क्रमांक. कुठल्या घरातून, कुणाच्या हातून आला. त्यावर जे लिहिलंय ते जसंच्या तसं, चुकांसकट. घरात जे सांगतात ते वेगळ्या रकान्यात, सांगणाऱ्याच्या नावासह. हे दोन रकाने एकत्र केले की शिपाई हवालदार होतो आणि पुढच्या पिढीत सुभेदार! पदकाची कड भिंगाखाली धरा. पहिल्या युद्धाच्या गोल पदकांवर क्रमांक, नाव आणि पलटण तिथेच ठोकलेली असते. ब्रिटिश वॉर मेडल काशाचं निघालं तर नाराज होऊ नका. ते लढवय्याचं नव्हे, बहुधा मजुराचं किंवा पलटणीमागच्या माणसाचं. त्यालाही वहीत तेवढीच जागा द्या. चांदीची पदकं अनेक घरांत आटवली गेली. आमच्या घरी त्यांच्या पाटल्या झाल्या. तेही मी लिहून ठेवलं आहे.

लॅमिनेशन मात्र करू नका. आपल्या दमट हवेत वाळवीने सोडलेला कागद प्लास्टिक खातं. चिकटपट्टीही नको. कागद सुकवा, फोटो काढा, घडी उलगडून सपाट ठेवा.

एक अवघड गोष्ट उरली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला. त्यातल्या कित्येकांना नोकरीतून काढून टाकलं. तसा बरखास्तीचा कागद ज्या घरात असेल, तिथे तो बहुधा तळाशी दडवलेला असतो. पळून आलेल्याचा, कैदेतून परतून गप्प झालेल्याचा कागदही तसाच. वंशावळीच्या हौसेत आपण तेच आधी फेकतो. मला विचाराल तर वहीतला पहिला क्रमांक त्या कागदांना द्यावा.

दाराशी टेबलावर कोरी वही ठेवली आहे. चहाला जाण्यापूर्वी आपल्या आजोबांचं नाव, गाव आणि पलटण तिच्यात लिहा. पलटण आठवत नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा, अंदाज लिहू नका.