पटकीचे विष

मांडवीच्या धक्क्यावर राबणाऱ्याच्या घरी जुलाब शिरले, की आधी बुडते ती मजुरी. म्हणून आम्ही कामगार मंडळी या विषयाकडे वळलो.

पटकीचा जंतू पेशीत शिरत नाही. तो बाहेर राहून विष सोडतो. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावर हे दाखवले. पेशीत प्रथिनांची घडी बसवणारा एक कारखाना असतो. विष उलट्या वाटेने तिथे पोचते. कारखाना त्याला बाद माल समजून बाहेर टाकतो, आणि तिथेच ते मोकळे होते! बाद माल पाहून धोक्याचा भोंगाही वाजतो. (भोंगा आम्हांला नवा नाही.) मग क्षार आणि पाणी आतड्यात लोटते.

साखर शोषणारी वाट मात्र शाबूत राहते. साखरेबरोबर मीठ, मिठामागून पाणी आत येते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे पाणी पाजले. मृत्यू शेकडा ३० वरून ३.६ वर आले.