जे अचानक झालं, ते बैठकीत सांगा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या एका ज्येष्ठ सदस्य ताईंनी केलेलं भाषण. जसं बोलल्या तसंच उतरवून घेतलं आहे.)



अहवाल कोषाध्यक्ष ताईंनी वाचला. आकडे सगळे बरोबर आहेत, मी परत वाचत नाही. मला वेगळंच बोलायचंय.

आपल्या बैठकीत काय काय होतं? हजेरी होते, बचत जमा होते, हप्ते येतात, नवीन कर्ज कुणाला ते ठरतं, वही लिहिली जाते, सह्या होतात. पंचसूत्री आपल्याला पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवू. पण काही गटांनी अलीकडे एक जास्तीचं काम सुरू केलंय. वही मिटली की लगेच उठायचं नाही. एक जण आपल्यावर आलेली एखादी गोष्ट सांगते. कशी गोष्ट? जी आधी कळवून आली नाही अशी. अवचित आलेली. वाईटच पाहिजे असं काही नाही, चांगलीही चालते.

यावर मी बरंच ऐकलंय. "बायकांना गप्पाच मारायच्यात," असं पुरुष म्हणतात ते सोडा, आपल्यातल्याही काही जणी म्हणतात. म्हणून मी आज तुम्हाला दोन-तीन बैठकींत काय झालं ते सांगते. नावं सांगणार नाही, गाव सांगणार नाही. ज्यांचं आहे त्यांना विचारून सांगतेय.

एक आपली सदस्य आहे. माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून मी तिला "ती" म्हणते, राग मानू नका. तिचा नवरा टेम्पो चालवायचा. वय बेचाळीस. श्रावणात एका सकाळी भाजी घेऊन बाजाराला गेला, आणि दहाच्या सुमाराला फोन आला की छातीत कळ आली, दवाखान्यात नेलंय. ती पोचेपर्यंत संपलं होतं. चार महिने ती बैठकीला आली नाही. आली तेव्हा मागं भिंतीला टेकून बसायची, सही करायची, निघून जायची. आपण बायका अशा वेळी काय करतो? गप्प बसतो. कशाला तिला आठवण करून द्यायची म्हणतो. आठवण काय ती विसरली होती का?

एकदा तिचीच पाळी आली. अध्यक्ष ताई म्हणाल्या, नको असेल तर राहू दे. पण ती बोलायला लागली. आधी बांगड्यांचं सांगितलं. कोणी फोडल्या, कशा फोडल्या, हाताला काच लागली ते सांगितलं. तेव्हा दोघी-तिघी रडल्या. मग घरातलं सांगायला लागली. टेम्पोचे हप्ते, दिराचं बोलणं. आणि बोलता बोलता म्हणाली, "मे महिन्यात यांच्या खात्यातून चारशे छत्तीस रुपये कापले गेले होते. मला वाटलं यांनीच काढले आणि कुठं घातले. त्यावरून मी दोन दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी. आता ते टोचतंय."

ती हे आपल्या मनातल्या टोचणीसाठी सांगत होती. पण समोर आपली बँक सखी बसली होती. ती ताडकन उठली. म्हणाली, "किती? चारशे छत्तीस? पुस्तक कुठंय?"

सख्यांनो, ४३६ रुपये हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता आहे. १८ ते ५० वर्षांपर्यंतच्या खातेदाराला यात नाव घालता येतं, आणि हप्ता भरत राहिलं तर ५५ पर्यंत संरक्षण राहतं. वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत धरतात, म्हणून पैसे मे महिन्याच्या शेवटी आपोआप कापले जातात. माणूस कशानंही गेला, आजारानं गेला तरी वारसाला २ लाख मिळतात. नवीन नाव घातलं असेल तर पहिले ३० दिवस सोडून, पण अपघात असेल तर ती अटही नाही. त्या माणसानं खातं उघडताना कधीतरी फॉर्मवर सही केलेली असणार, घरी सांगायचं राहिलं असणार. बँकेनंही आपण होऊन सांगितलं नाही, त्यांना तो गेला हेच माहीत नव्हतं.

पुढं सोपं झालं असं नाही. मृत्यूचा दाखला, तिचं आधार, पासबुक, दाव्याचा फॉर्म, इतका उशीर का झाला त्याचा अर्ज. वारस म्हणून नाव तिचं होतं, पण आधारवर माहेरचं नाव आणि खात्यावर सासरचं. त्यासाठी किती हेलपाटे झाले ते बँक सखीला विचारा, तिची एक चप्पल गेली त्यात. पण पैसे आले. टेम्पोचं देणं फिटलं, आणि उरलेले मुलीच्या नावावर ठेवलेत.

आता तुम्ही सांगा. चार महिने आपण सगळ्या तिच्या दारावरून जात होतो. भाकरी नेऊन दिली, पोरांना जेवायला बोलावलं. सगळं केलं. पण चारशे छत्तीस हा आकडा कुणाला माहीत होता? तिला एकटीला, आणि तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता. अर्थ बँक सखीला माहीत होता, तर तिला आकडा माहीत नव्हता. दोघी एकाच खोलीत दर महिन्याला बसत होत्या.

जाता जाता तुम्हीही घरी गेल्यावर पासबुक बघा. ४३६ दिसले तर जीवन ज्योती. २० रुपये दिसले तर ती सुरक्षा विमा, ती फक्त अपघाताची, वय १८ ते ७०. आणि वारस म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघा. बऱ्याच ठिकाणी लग्नाआधी घातलेलं आईचं नाव तसंच असतं.

बांगड्यांचं मी मघाशी पटकन बोलून गेले, पण ते तसं सोडायचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही तसं करावं म्हटलं. हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. टाळ्याही वाजवल्यात. आपल्या प्रभागात किती गावांनी ठराव केला, ते ज्या त्या गावच्या बाईनं आपल्या मनाशी मोजावं. ग्रामसभा वर्षातून चार वेळा होते.

दुसरी गोष्ट सापाची. घाबरू नका, सगळे जिवंत आहेत.

आपल्या एक ताई पावसाळ्यात खाली अंथरूण टाकून झोपल्या होत्या. पहाटे पोटात दुखायला लागलं म्हणून उठल्या. ओवा खाल्ला, गरम पाणी प्यायल्या. उलटी झाली. घरच्यांना वाटलं, रात्रीचं वांगं बाधलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, माझ्या पापण्या उघडत नाहीत, जीभ जड झालीय. सून शिकलेली होती. तिनं अंथरूण झटकलं तर उशीखालून साप निघाला, काळा, अंगावर पांढरे पट्टे. मण्यार. अंगावर चावल्याची खूण शोधून सापडेना, सूज नाही, आग नाही. मण्यार अशीच चावते, रात्री झोपेत, आणि चावलेलं कळतही नाही. सुनेनं भगत नको म्हणून सांगितलं, सासऱ्यांचं बोलणं खाल्लं, १०८ ला फोन लावला. सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस दिली, पुढच्या दवाखान्यात श्वासाचं मशीन लावलं. आठव्या दिवशी ताई घरी आल्या.

हे त्यांनी बैठकीत कसं सांगितलं माहितीये? हसत हसत. "मला वाटलं वांगं, निघाली मण्यार." पण ऐकणाऱ्या कुणी हसेना. प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी खाली झोपतंय. मग प्रश्न सुरू झाले. पोटात नेमकं कुठं दुखलं? पापण्या कधी जड झाल्या? दोरी बांधली का? नाही बांधली, बांधायची नसते, कापायचंही नसतं, हातपाय हलवू न देता दवाखान्यात न्यायचं असतं. आरोग्याच्या शिबिरात हे चित्र लावून सांगितलेलं आहे. आपण तेव्हा चहा कधी येतोय ते बघत होतो. ताईंनी सांगितलं तेव्हा कुणाचं लक्ष चहाकडं गेलं नाही.

त्या महिन्यात त्या गटातल्या चौघींनी अंतर्गत कर्जातून खाट आणि मच्छरदाणी घेतली. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर साप आत येत नाही. लिपिकेनं वहीत कर्जाचं कारण लिहिलंय, "मण्यार". तपासणीला आलेल्या मॅडमनी विचारलं, हा कोणता व्यवसाय?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं नवीन आहे का? नाही. आपल्या आज्या सांगत होत्याच. कुणाला? जात्याला. पहाटे दळायला बसलं की सगळं ओवीत यायचं, भावानं बोलावलं नाही ते, नवऱ्यानं मारलं ते, लेक सासरी गेली ते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या दोघांनी गावोगाव फिरून बायकांकडून या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एक लाख! मग गिरणी आली. चांगलं झालं, खांदे वाचले, मला काही जातं परत नकोय. पण ती सांगायची जागा गेली.

आणि लिहून सांगणाऱ्याही होऊन गेल्या. लक्ष्मीबाई टिळक नाशिककडच्या. लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांच्या, शाळा नाही. १८९५ साली त्यांच्या नवऱ्यानं मुंबईत ख्रिस्ती धर्म घेतला. त्या काळात, ब्राह्मणाच्या घरात! पदरात लहान मुलगा. आभाळ कोसळणं म्हणतात ते हेच. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडं गेल्या, आणि पुढं स्वतः विचार करून त्यांनीही तो धर्म घेतला. म्हातारपणी हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात सांगितलं. १९३४ पासून त्याचे भाग निघाले. वाचनालयात मिळेल, जरूर आणा. रडगाणं सापडायचं नाही त्यात. नवऱ्याच्या तऱ्हा अशा सांगितल्यात की पदर तोंडाला लावून हसावं लागतं.

दुसऱ्या फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला रद्दीचे कागद यायचे, तेच वाचायच्या. आणि स्वतःचं, आपल्या समाजातल्या बायकांचं लिहून ठेवायच्या, पण घरात कळू नये म्हणून लपवून. एक-दोन नाही, वीस वर्षं लपवलं. मग ते 'जिणं आमुचं' म्हणून पुस्तक झालं. वीस वर्षं बाईला आपलीच गोष्ट चोरीच्या मालासारखी दडवावी लागली. हे मला त्या पुस्तकातल्या हालांइतकंच लागलं.

बाई का लपवते, हे मात्र आपण नीट समजून घेतलं पाहिजे. एका गटात असं झालं, की एकीनं नवऱ्याच्या दारूचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते पारावर पोचलं. रात्री तिला त्याचा मार बसला. दोन बैठका ती आली नाही, आणि त्या गटात पुढं वर्षभर कुणी तोंड उघडलं नाही. माझ्या मते हे कर्ज बुडवण्यापेक्षा वाईट आहे. कर्ज बुडालं तर दंड लावता येतो.

म्हणून ज्या गटांना हे सुरू करायचंय त्यांनी आधी हे ठरवा. बैठकीतलं बैठकीत. सांगितलेलं इतिवृत्तात लिहायचं नाही, जिचं आहे तिनं लिहा म्हटलं तरच. मोबाईल पिशवीत. व्हिडिओ नाही, स्टेटस नाही. कुणावर जबरदस्ती नाही, "पुढच्या महिन्यात सांगते" म्हणाली तर पुढचा महिना. कुणी मारझोड सांगितली तर "सोस बाई, सगळ्यांच्याच घरी असतं" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. त्याऐवजी दोघी तिच्याबरोबर जा, १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे, तो तिला पाठ करून द्या. आणि सल्ल्याची घाई नको. आधी पूर्ण ऐका. आपल्याला दुसरीचं ऐकताना आपलंच आठवतं आणि आपण मध्येच सुरू होतो, "अगं माझ्या नणंदेचं तर…" नणंद पुढच्या महिन्यात.

सांगणारीलाही एक सांगते. "फार वाईट झालं, देवानं तारलं" एवढ्यावर उरकू नका. त्या दिवशी वार कुठला, कुणाला पहिला फोन केला, दवाखान्यात किती पैसे मागितले, कोणता कागद नव्हता म्हणून परत पाठवलं, कोण उपयोगी पडलं, हे सांगा. चारशे छत्तीस असाच कुठंतरी बारीकसारीक गोष्टीत असतो.

आणि चांगलंही सांगा हो! मागच्या महिन्यात एक ताई म्हणाल्या, माझ्यावर कसलंच संकट आलं नाही, मी काय सांगू? मग हळूच म्हणाल्या, मी सरपंच झाले ते अचानकच की. आरक्षणाची सोडत निघाली, घरच्या पुरुषांनी यांचं नाव घातलं, वाटलं सहीपुरती बाई होईल. पहिल्या सभेत यांनी ग्रामसेवकाला विचारलं, "सही कशावर करतेय ते आधी वाचून दाखवा." तिथपासून घरात दोन महिने अबोला. ते ऐकून आमच्या बैठकीत जे हसू फुटलं, शेजारचे लोक बघायला आले.

माझी दहा मिनिटं कधीच संपली, सूत्रसंचालन करणाऱ्या ताई मघापासून चिठ्ठी दाखवतायत. चौथ्या रांगेतल्या त्या आजी केव्हाच्या हात वर करून बसल्यात. त्यांना काहीतरी सांगायचंय. माईक खालीच नेऊन द्या, त्यांचे गुडघे दुखतात, स्टेजवर चढवू नका.