नायक आणि हिशेब



नटाने राजकारणात पडावे की नाही, हा वाद आपल्याकडे वरचेवर निघतो आणि बहुधा हसण्यावारी जातो. तोंडाला रंग लावणाऱ्याला राज्यकारभारातले काय कळणार, असे एक पक्ष म्हणतो. सगळेच पुढारी नट असतात, हा निदान उघडपणे रंग लावतो, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही उत्तरांना टाळ्या पडतात; पण प्रश्न होता तिथेच राहतो. म्हणून सर्वसाधारण चर्चा न करता एकाच माणसाचे चरित्र आज आपल्यापुढे मांडावे, असे आम्ही ठरवले आहे. तो माणूस म्हणजे तामिळनाडूचे मुख्यमंत्री झालेले नट एम. जी. रामचंद्रन. तिकडचे लोक त्यांना नुसत्या तीन आद्याक्षरांनी ओळखतात : एम. जी. आर. आपल्या देशात चित्रपटाच्या पडद्यावरून मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर जाऊन बसलेला हा पहिला नट.

रामचंद्रन यांचा जन्म १७ जानेवारी १९१७ रोजी श्रीलंकेत, कँडीजवळच्या नावलपिटिया या गावी झाला. घराणे केरळातले, भाषा मल्याळी. वडील लवकर वारले आणि आई सत्यभामा दोन मुलांना घेऊन तामिळ मुलखात कुंभकोणमला आली. कुंभकोणम हे आपल्या मराठी राजांच्या तंजावरपासून जवळच आहे. घरात खायची भ्रांत. तेव्हा चक्रपाणी आणि रामचंद्रन हे दोघे भाऊ शाळा सोडून 'मदुरै ओरिजिनल बॉइज कंपनी' या बालनटांच्या मंडळीत दाखल झाले. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांची हकिगत ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना या गोष्टीचा अर्थ सांगायला नको. कलेच्या ओढीने कंपनीत गेलेली मुले थोडी. दोन वेळच्या पंगतीसाठी गेलेली पुष्कळ. हा भुकेचा मुद्दा आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९३६ साली त्यांना 'सती लीलावती' या बोलपटात पोलीस इन्स्पेक्टरची लहानशी भूमिका मिळाली. दिग्दर्शक एलिस डंगन नावाचे अमेरिकन गृहस्थ होते, आणि कथा होती एस. एस. वासन यांची. ती वासन यांच्याच 'आनंद विकटन' या साप्ताहिकात क्रमशः आली होती. या साप्ताहिकाचे नावही ध्यानात असू द्यावे. पहिल्या भूमिकेनंतर नायकाचे काम मिळायला अकरा वर्षे लागली. 'राजकुमारी' हा बोलपट १९४७ चा. तेव्हा रामचंद्रन तीस वर्षांचे होते. दशकभर दुय्यम भूमिका करीत वाट पाहणाऱ्या माणसाच्या अंगी एक चिकाटी येते आणि प्रेक्षकाला नेमके काय भावते याची पारखही येते. हीच त्यांची पुढची पुंजी ठरली.

१९४९ मध्ये सी. एन. अण्णादुराई यांनी द्रविड मुन्नेत्र कळघम, म्हणजे आपण ज्याला द्रमुक म्हणतो तो पक्ष स्थापन केला. अण्णादुराई स्वतः नाटककार आणि पटकथाकार. त्यांचे सहकारी करुणानिधी हेही संवादलेखक. ज्या वर्गात पक्षाला शिरायचे होते त्या वर्गातील पुष्कळांना वाचता येत नव्हते. पण तंबूतल्या थिएटरात जमिनीवर बसून चित्रपट पाहता येत होता. हे या मंडळींनी अचूक हेरले. रामचंद्रन १९५३ मध्ये या पक्षात आले. सेन्सॉरची कात्री डोक्यावर असताना पक्षाचे नाव तर घेता येत नाही. मग काळ्या-लाल रंगाचा झेंडा, उगवता सूर्य, नेत्याचे सूचक उल्लेख अशा खुणा पडद्यावर येऊ लागल्या आणि प्रेक्षक प्रत्येक खूण ओळखून शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेऊ लागला.

आता या नायकाचे स्वरूप पाहू. 'मलैक्कळ्ळन' (१९५४) मधला त्यांचा नायक गोरगरिबांचा कैवारी असलेला डोंगरी दरोडेखोर आहे. त्याच कथेवरचा दिलीपकुमारांचा 'आझाद' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. 'पडगोट्टी' (१९६४) मध्ये तो नावाडी, 'विवसायी' (१९६७) मध्ये शेतकरी, 'रिक्षाकारन' (१९७१) मध्ये रिक्षावाला. या शेवटच्या भूमिकेबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. धंदा बदलला तरी माणूस तोच. आईचा शब्द झेलणारा, परस्त्रीची अब्रू राखणारा, व्यसनांपासून लांब राहणारा आणि अन्याय दिसताच धावून जाणारा. त्यातही 'नाडोडी मन्नन' (१९५८) विशेष लक्षात घेण्यासारखा. त्याची निर्मिती आणि दिग्दर्शन त्यांचेच. त्यात राजासारखा दिसणारा एक सामान्य माणूस काही काळ सिंहासनावर बसतो आणि गरिबांच्या हिताचे कायदे काढतो. म्हणजे खऱ्या खुर्चीवर बसण्याच्या एकोणीस वर्षे आधी तामिळ प्रेक्षकाने रामचंद्रन यांना राज्य करताना पाहून घेतले होते.

पण लोकप्रिय नट झाला की पुढारी झालाच, असे गणित मांडणे बरोबर नव्हे. त्याच काळात शिवाजी गणेशन हे दुसरे मोठे तामिळ नट होते. अभिनयात ते रामचंद्रन यांच्यापेक्षा सरस, असेच जाणकारांचे मत पडते. त्यांच्या नावाचा आपल्या मराठी माणसांशी संबंध आहे. अण्णादुराईंनी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या प्रसंगावर नाटक लिहिले. त्यात गणेशन यांनी महाराजांची भूमिका केली, आणि ती पाहून पेरियार रामस्वामींनी त्यांना 'शिवाजी' हे नाव दिले. ते नाव जन्मभर टिकले. या शिवाजी गणेशन यांनी १९८८ मध्ये स्वतःचा पक्ष काढला आणि १९८९ च्या निवडणुकीत तंजावरजवळच्या तिरुवैयारु मतदारसंघात ते स्वतःच पडले. असे का व्हावे? आम्हाला दिसणारे कारण असे. शिवाजी गणेशन प्रत्येक चित्रपटात निराळा माणूस होत. तीच त्यांची थोरवी. रामचंद्रन प्रत्येक चित्रपटात एकच माणूस राहिले. लोकांनी पहिल्याच्या कलेला दाद दिली, दुसऱ्यावर विश्वास टाकला. शिवाय रामचंद्रन यांच्या पाठीशी गावोगावची रसिकमंडळे होती. ती निवडणुकीत भिंती रंगवीत, मिरवणुका काढीत, मतदारांना केंद्रापर्यंत नेत. आपल्याकडे बालगंधर्वांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला. पण ते प्रेम नाट्यगृहाबाहेर पडून मतपेटीकडे गेले नाही, कारण तिकडे नेणारी वाट कोणी बांधलीच नव्हती. तामिळनाडूत ती वीस वर्षे खपून बांधली गेली.

१२ जानेवारी १९६७ रोजी, निवडणूक तोंडावर असताना, सहकारी नट एम. आर. राधा यांनी रामचंद्रन यांच्यावर गोळी झाडली. गोळी मानेत शिरली. ते वाचले, पण आवाज कायमचा जड आणि अस्पष्ट झाला. मानेला पट्टी बांधलेले त्यांचे छायाचित्र भिंतीभिंतींवर लागले. ते प्रचाराला न जाताच परंगिमलै मतदारसंघातून निवडून आले, आणि द्रमुकने राज्यात काँग्रेसचा पराभव केला. संवादफेक हे ज्याचे शस्त्र, त्या नटाचा आवाज जावा आणि लोकांचे प्रेम दुणावावे! लोकांचे नाते अभिनयाशी नव्हे तर नायकाशी जडलेले होते, याचा याहून मोठा पुरावा नको.

१९६९ मध्ये अण्णादुराई वारले आणि करुणानिधी मुख्यमंत्री झाले. रामचंद्रन पक्षाचे खजिनदार होते. १९७२ मध्ये त्यांनी जाहीर मागणी केली की, पक्षाच्या पैशाचा आणि पदाधिकाऱ्यांच्या मालमत्तेचा हिशेब लोकांपुढे यावा. ऑक्टोबरमध्ये त्यांना पक्षातून काढण्यात आले आणि १७ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांनी अण्णा द्रमुक स्थापन केला. पुढच्याच वर्षी दिंडिगलच्या लोकसभा पोटनिवडणुकीत या नव्या पक्षाने विजय मिळवला. ३० जून १९७७ रोजी रामचंद्रन मुख्यमंत्री झाले. आपण हे विसरू नये की, या माणसाच्या राज्याचा पाया 'हिशेब द्या' या दोन शब्दांवर घातला गेला.

आता ज्याने हिशेब मागितला त्याचा हिशेब आपण पाहू. जमेची बाजू मोठी आहे. १ जुलै १९८२ रोजी त्यांनी मुलांना दुपारचे जेवण देण्याची विस्तारित योजना सुरू केली. शाळेत जेवण देण्याची कल्पना तिथे नवी नव्हती. १९५० च्या दशकात कामराज यांनी ती राबवली होती. पण रामचंद्रन यांनी तिला जो विस्तार दिला तो अपूर्व होता. बालवाड्यांसह सुमारे साठ लाख मुले त्या जेवणाला बसू लागली. खर्च झेपणार नाही, अशी शंका जाणत्यांनी घेतली. रामचंद्रन हटले नाहीत. आपल्या बालपणच्या उपासमारीतून ही योजना निघाली असे ते सांगत, आणि कंपनीच्या पंगतीसाठी घर सोडलेल्या मुलाचे हे बोलणे खोटे मानण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सगळ्या राज्यांना शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हा तामिळनाडूचा अनुभव देशापुढे होताच. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी जी खिचडी शिजते, तिच्या मागच्या इतिहासात या नटाचे नाव आहे.

नावेची बाजूही वाचली पाहिजे. ज्यांचा नायक पडद्यावर दारूपासून दूर राहिला, त्यांच्याच सरकारने १९८१ मध्ये ताडी आणि देशी दारूची दुकाने पुन्हा उघडली आणि १९८३ मध्ये दारूच्या घाऊक व्यापारासाठी सरकारी महामंडळ काढले. म्हणजे मुलाच्या ताटात जेवण पडत होते, आणि तिजोरीत बापाच्या पेल्यातला पैसा येत होता. १९८७ मध्ये 'आनंद विकटन'ने आमदार आणि मंत्री यांच्यावर एक व्यंगचित्र मुखपृष्ठावर छापले. ज्या साप्ताहिकातल्या कथेने रामचंद्रन यांना पहिली भूमिका दिली, तेच हे साप्ताहिक. विधानसभेने त्याच्या संपादकांना तीन महिन्यांची कैद ठोठावली. देशभर ओरड झाली तेव्हा काही दिवसांतच त्यांना सोडावे लागले. थट्टा सहन न होणे हे राज्यकर्त्याच्या प्रकृतीचे वाईट लक्षण आहे.

मग लोकांनी त्यांना जाब विचारला नाही काय? एकदा विचारला, आणि तो प्रसंग बोधप्रद आहे. १९७९ मध्ये त्यांच्या सरकारने मागासवर्गीयांच्या सवलतींना वार्षिक ९,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा घातली. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील ३९ जागांपैकी त्यांच्या पक्षाला फक्त २ मिळाल्या. लगोलग ती मर्यादा रद्द झाली आणि मागासवर्गीयांचे आरक्षण ३१ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले. तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद होतील. पण एक गोष्ट उघड आहे : मतदाराने पाठ फिरवताच राज्यकर्ता वळला. फेब्रुवारीत केंद्राने त्यांचे सरकार बरखास्त केले, आणि काही महिन्यांतच त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. तेव्हा तामिळ मतदाराला पडद्याने भुललेला भाबडा जीव म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

तरीही प्रेमाचे पारडे अखेर जड ठरले. ऑक्टोबर १९८४ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने आणि पक्षाघाताने त्यांना अंथरूण धरावे लागले. उपचारासाठी त्यांना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील रुग्णालयात नेले. डिसेंबरच्या निवडणुकीत ते तिथूनच आंडिपट्टीतून उभे राहिले. रुग्णालयात हसणारे, जेवणारे रामचंद्रन फिल्मवर टिपून गावोगावी दाखवण्यात आले. ते निवडून आले, पक्षही निवडून आला. चित्रपटातून सुरू झालेली राजकीय यात्रा शेवटी पुन्हा एका चित्रफितीवर येऊन टेकली. पण या वेळी तो नायक काही करून दाखवीत नव्हता. तो जिवंत आहे एवढेच लोकांना पाहायचे होते. आणि कारभार कोण पाहणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. २४ डिसेंबर १९८७ रोजी ते मुख्यमंत्री असतानाच वारले. पाठोपाठ पक्ष दुभंगला. पत्नी जानकी यांचे मंत्रिमंडळ महिनाभरही टिकले नाही. जिथे सगळे एका चेहऱ्यावर उभे असते, तिथे चेहरा गेल्यावर वारसा कोणाचा हे ठरवायला दुसरी मोजपट्टी उरत नाही. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर 'भारतरत्न' देण्यात आले.

श्रोतेहो, आम्ही आरंभी म्हटले की नटाने राजकारणात पडावे की नाही, हा खरा प्रश्नच नव्हे. वकील, शेतकरी, संपादक यांनी पडावे तर नटानेच का पडू नये? भुकेची आठवण राखून लाखो मुलांना जेवू घालणारा नट, ती न राखणाऱ्या पंडितापेक्षा केव्हाही बरा. खरा प्रश्न प्रेक्षकाचा आहे. थिएटरात आपण तिकिटाचे पैसे देतो आणि तीन तास शंका बाजूला ठेवतो. तसे केल्याशिवाय खेळाची गोडी लागत नाही. मतदानकेंद्रात मात्र शंका बाजूला ठेवली की पाच वर्षे जातात. नायकावर प्रेम करावे, मनापासून करावे. परंतु तो खुर्चीवर बसल्यावर त्याने स्वतःच एके काळी विचारलेला प्रश्न त्याला विचारण्याचे धैर्य आपल्यात असावे : हिशेब कुठे आहे? तामिळ मतदाराने तो १९८० मध्ये विचारला, तेव्हा उत्तर मिळाले. १९८४ मध्ये विचारला नाही, तेव्हा मिळाले नाही. यात त्यांचा म्हणून वेगळा काही दोष आहे असे मानून आपण निश्चिंत होऊ नये. नायक सगळीकडेच असतात, आणि सगळेच काही पडद्यावरून येतात असे नाही.