लोणच्याची बरणी कढईजवळ आणा

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरून धायरी फाट्याला आत वळलं की थेट गावापर्यंत किराणा दुकानं लागतात. त्यांच्या फळ्यांवर मिरचीच्या लोणच्याच्या नाना तऱ्हेच्या बरण्या आता शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. एके काळी हे शेतीचं गाव. 2017 साली राहिलेली धायरीही महापालिकेत आली, आणि तोवर नोकरीधंद्यासाठी चारी दिशांनी आलेली कुटुंबं इथल्या सोसायट्यांत रुळली होती. म्हणून मोहरीची डाळ आणि लिंबाचा रस घातलेलं आपलं मराठी मिरचीचं लोणचं, बडीशेप-आमचूर भरलेली उत्तरेकडची जाड लाल मिरची, चिंच घालून वाटलेलं आंध्राकडचं लाल मिरचीचं लोणचं आणि व्हिनेगरमधल्या मिरच्यांच्या चकत्या, सगळं एकाच फळीवर दिसतं. ‘यातलं चांगलं कुठलं?’ असं लोक विचारतात. माझं म्हणणं असं, की विकतचं मिरचीचं लोणचं ताटाच्या डाव्या बाजूला वाढायचा पदार्थ म्हणून निवडूच नका. स्वयंपाकात घालायचा मसाला म्हणून निवडा. तसं पाहिलंत तर निवडही सोपी होते आणि पोटात जाणारं मीठही हिशेबात राहतं.

लोणच्याच्या धंद्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. बेडेकरांचं दुकान गिरगावात 1910 साली सुरू झालं, आणि पुण्यात चोरडियांनी 1962 साली प्रवीण मसालेवाले उभं केलं. अशा घराण्यांची नावं पाहून बरणी उचलायची सवय आपल्याला लागली आहे. पण एकाच कारखान्याच्या आंब्याच्या आणि मिरचीच्या लोणच्यात तेल वेगळं असतं, मिठाचं प्रमाण वेगळं असतं. तेव्हा पुढचं चित्र सोडा आणि बरणी फिरवून पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. घटकपदार्थ तिथे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, जे सर्वांत जास्त ते पहिलं. मिरचीच्या लोणच्यात मिरची पहिली असायला हवी. तेल किंवा मीठ तिच्या आधी आलं असेल, तर तुम्ही मिरचीच्या भावाने तेल-मीठ विकत घेताय. तेल कशाचं आहे तेही पाहा, कारण सरकीच्या तेलाला स्वतःचा वास फारसा नसतो आणि मोहरीच्या तेलाचा वास लपता लपत नाही. मग सोडियमचा आकडा. 100 ग्रॅममागे सोडियम किती ते पोषणाच्या तक्त्यात पाहा आणि त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ निघतं. समजा आकडा 5000 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 100 ग्रॅम लोणच्यात साडेबारा ग्रॅम मीठ, आणि 10 ग्रॅमच्या एका चमच्यात सव्वा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते. त्यातला चौथा हिस्सा एका चमच्यात गेला, आणि आमटी, भाजी, पोळी अजून व्हायचीच आहे. हे गणित पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर आकडे कानावरून निघून जातात: सोडियम गुणिले अडीच, म्हणजे मीठ.

यावर कोणी म्हणेल, मग लोणचं सोडूनच द्या ना. तसं नको. लोणचं म्हणजे विरजण समजा. विरजणाची कोणी वाटी भरून पीत नाही. चमचाभर विरजण पातेलंभर दुधाला पुरतं. ते उकळत्या दुधात घातलं तर फुकट जातं, दूध कोमट झाल्यावर घालावं लागतं. आणि ज्या घरचं दही घट्ट आणि गोड लागतं त्या घरचं विरजण आपण मागून आणतो, भांडं कुठलं ते बघत नाही. लोणच्याच्या खाराचं अगदी असंच आहे. चमचाभर खार चार माणसांच्या भाजीला पुरतो. तो घालायचा तो गॅस बंद केल्यावर. फेसलेल्या मोहरीचा जो झणका नाकात जातो, तो उडून जाणारा असतो, कढत्या तेलात तो टिकत नाही. खारातली मोहरीची डाळ आणि मेथी तेलात पडली की करपते आणि कडवट होते. म्हणून फोडणीत खार घालू नका. आणि विरजण लावलेल्या दुधात आपण आणखी ताक ओतत नाही, तसं खार घालायच्या भाजीत वेगळं मीठ घालू नका. माझं सगळं भांडण या एका गोष्टीपायी आहे. लोणचं घातलं आणि सवयीने मीठही घातलं, की पदार्थ खारट होतो आणि बोल लावला जातो विकतच्या लोणच्याला.

आता कशात काय घालायचं. मराठी पद्धतीचा लिंबाचा खार पिठल्यात उत्तम. बेसन शिजून गोळा सुटत आला की गॅस बंद करून खार घाला. तीच गोष्ट फोडणीच्या भाताची, दही-पोह्यांची, थालीपिठाच्या भिजवलेल्या पिठाची. बटाट्याच्या बाबतीत मात्र जपा. आंबट पदार्थ आधी पडला तर बटाटा लवकर मऊ होत नाही, डाळही दडदडीत राहते. बटाटा पूर्ण शिजू द्या, मग खार. मोहरीच्या तेलातली भरली लाल मिरची पिठल्यात शोभत नाही, तिची जागा वांग्याच्या भरतात आणि सुक्या बटाट्यात. ती बारीक चिरून घाला, आतलं सारणही वाया घालवू नका. चिंचेचं आंध्राचं लोणचं आमटीत घालायचं तर आमसूल किंवा चिंच त्या दिवशी नको. व्हिनेगरमधल्या मिरचीत तेल नसतं, म्हणून ती काकडीच्या किंवा कोबीच्या कोशिंबिरीत चांगली, आणि बरणीतलं आंबट पाणीही तिथेच लिंबाऐवजी वापरा. ती बरणी घेताना एकूण वजनावर न जाता पाणी निथळून मिरची किती उरते तो आकडा पाहा. दुधाच्या किंवा सायीच्या पदार्थात यातलं काहीच घालू नका, फाटेल. ॲल्युमिनियमच्या कढईत आंबट खार शिजवत ठेवू नका.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. लोणचं घरचंच हवं, विकतच्यात रसायनं असतात, असं पुष्कळजण म्हणतात. मिरचीचं लोणचं घरी घालणं अवघड नाही, आणि जे घालतात त्यांना माझा नमस्कारच आहे. पण ज्या घरात विकतची बरणी येतेच आहे, तिथे ती नीट कशी वापरायची हा आजचा प्रश्न आहे. लेबलवर 211 असा आकडा दिसला की ते सोडियम बेंझोएट. ते किती घालायचं याची मर्यादा अन्नसुरक्षेच्या नियमांत ठरलेली आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी तो आकडा नसलेली बरणी निवडावी, तशाही मिळतात. पण त्या आकड्याला घाबरून मिठाच्या आकड्याकडे डोळेझाक करणं हे मला पटत नाही. मीठ घरच्या लोणच्यातही मुठीनेच पडतं आणि तिथे मागे तक्ता छापलेला नसतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. स्वयंपाकात वापरलं तर बरणी लवकर संपेल. संपेल, पण त्या भाजीत तुम्ही वेगळी मिरची, लिंबू, हिंग, मेथी आणि मीठ घातलेलं नसेल. शिवाय तळाशी उरलेला खार फोडी संपल्यावर टाकून द्यायची जी वाईट चाल आहे, ती मोडेल. तो खार म्हणजे तुम्ही मोजलेल्या पैशाचा मोठा भाग आहे. बचत गटांच्या बायकांकडून, पुण्यात भीमथडी जत्रेत किंवा तशा एखाद्या प्रदर्शनात लोणचं घेत असाल तर जरूर घ्या, फक्त लेबलवर 14 आकडी अन्नपरवाना क्रमांक आहे ना ते पाहा, आणि मिठाचा अंदाज चव घेऊन करा.

वेळ संपत आली. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं, माझं नव्हे. बाकीच्यांना इतकंच सांगणं आहे: भाजीला आधी मीठ घालू नका, गॅस बंद करून चमचाभर खार घाला, ढवळा, चव बघा, आणि कमी पडलं तरच मिठाच्या डब्याला हात लावा. बरणीत ओला चमचा घालू नका.